चंपाक्कांनी आधी पाय पाहिले

जयसिंगपूरहून पोस्टकार्ड आलं तेव्हा मी जेवायला बसत होतो. अक्षर ओळखीचं नव्हतं, चंपाक्कांच्या पुतण्याचं होतं. सोमवारी सकाळी अक्का गेल्या, फार त्रास झाला नाही, आपलं नाव त्या नेहमी काढत, म्हणून कळवतो... एवढंच. त्याला आता महिना होऊन गेला. या महिन्यात ज्याला त्याला मी त्यांची एकच गोष्ट सांगत आलो, ती आज लिहून काढतो.

चंपाक्का पेशानं नर्स. जैन शेतकऱ्याची मुलगी, लहानपणीच वैधव्य आलेली. पण वडिलांनी हट्टानं शिकवलं आणि नोकरीची सगळी वर्षं त्यांनी कोल्हापुरात काढली. मी सरकारी कचेरीत कारकून. संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षी निराधार म्हाताऱ्यांच्या एका सदनाची पाहणी करायला तिघांची समिती नेमली गेली. एक डॉक्टर, एक वकील आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या अक्का. लिहून घ्यायला मी. खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं काही नसायचंच. आदल्या वर्षीचा अहवाल माझ्या पिशवीत होता. त्यावरून मजकूर उतरवायचा आणि खाली सह्या घ्यायच्या, असंच चालत आलं होतं.

सदन बाहेरून लख्ख होतं. भिंतींना ताजा चुना, कोठीत धान्य, हजेरीपट नीटनेटके. व्यवस्थापकांनी पोहे मांडले, डॉक्टर आणि वकील बसले. अक्का बसल्या नाहीत. "खाऊ की. आधी माणसं बघून येते," म्हणाल्या आणि सरळ आत गेल्या. मला मागं जावं लागलं. आत बायकांची लांब खोली होती, दोन्ही बाजूंना खाटा, आणि गळ्यापर्यंत ओढलेल्या धुवट चादरी. पहिल्या खाटेवर चंदगडकडची तानूबाई नावाची म्हातारी होती. "ही लुळी आहे, वर्षभर उठलेली नाही," मागून येत व्यवस्थापक म्हणाले. अक्कांनी पायाकडून चादर वर केली. मी तोंड फिरवलं. नखं वाढून, वळून बोटांच्या मांसात रुतली होती. बेचक्यांत मळ साचून जखमा झाल्या होत्या. पाठ सोलवटली होती, केसांच्या जटा झाल्या होत्या, आणि पाण्याचा तांब्या खाटेवरून हात पोचणार नाही अशा खिडकीत ठेवला होता.

"आजी, पाय कधी धुतलं?"

"दिवाळीत आसंल," तानूबाई म्हणाली. "का त्याच्या आधल्या... ध्येनात न्हाय." मग हळूच म्हणाली, "वास येत आसंल, बाई. लांब बसा."

अक्का आणखी जवळ सरकल्या.

एकेक करत त्यांनी सगळ्या चादरी वर केल्या. कुठं कमी, कुठं जास्त, पण सगळीकडं तेच. तिथं कुणी कुणाला मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. फक्त तोंड धुवून देणं, केस विंचरणं, नखं काढणं, कूस बदलणं हे काम कुणाचंच नव्हतं. गडी दोन होते, ते अंगण झाडत आणि बागेला पाणी घालत.

बाहेर आल्यावर वकील समजुतीनं म्हणाले, "अक्का, अहवालात नखांचं काय लिहायचं? अनुदान थांबलं तर हीच माणसं रस्त्यावर येतील. 'व्यवस्था समाधानकारक' असं लिहू आणि तोंडी सूचना देऊ." बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर ते अवघड होतं. अक्का म्हणाल्या, "अनुदान थांबवा असं मी कुठं म्हणते? काम लावा म्हणते." मग माझ्याकडं वळल्या. "भाऊसाहेब, गेल्या वर्षीचं कुणी लिहिलं?"

"मीच."

"बघून?"

मी पिशवीतला जुना अहवाल आणखी खाली सारला.

"मग आता बघून लिवा."

तीन दिवस आम्ही त्या खोलीत बसलो. प्रत्येक माणसाच्या नावानं अहवालात एक पान ठेवलं. पाय, पाठ, तोंड, डोकं, आणि पाणी हाताला येतं की नाही. वकिलांनी 'समाधानकारक' म्हणून वेगळा अहवाल लिहिला, त्यावर अक्कांनी सही केली नाही. तिसऱ्या दिवशी कचेरीतल्या साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि लांब डोंगराकडच्या मलकापूरला एक जागा रिकामी आहे, असं सहज सुचवलं. घरी शाळेत जाणारी पोरं, मी घाबरलो. अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "मलकापूरची हवा चांगली हाय."

सदनाचे अध्यक्ष गावातले मोठे व्यापारी. ते रागानंच आले. आमची बदनामी करता, म्हणाले. अक्कांनी वाद घातला नाही. "शेठजी, कागद राहू द्या. गरम पाणी मागवा." सगळ्यांना घेऊन त्या तानूबाईच्या खाटेपाशी गेल्या, जमिनीवर बसल्या, आणि तिला कडेला बसवून तिचे पाय परातीत सोडले. मळ सुटेपर्यंत, नखं मऊ होईपर्यंत त्या चोळत राहिल्या. मग कात्रीनं एकेक नख सोडवलं. तासभर तरी लागला असेल. तानूबाई डोळे मिटून होती, मधूनच विव्हळायची. पाणी निवलं तेव्हा शेठजी धोतर सावरून खाली बसले, स्वतः तांब्या उचलला आणि गरम पाणी ओतू लागले... उठताना एवढंच म्हणाले, "वकीलसाहेब, अक्कांचाच अहवाल सरकारकडं पाठवा. खाली माझीही सही घ्या."

अनुदान थांबलं नाही. दोन बायका कामाला लागल्या, पाण्याचा बंब आला, न्हावी ठरला. डॉक्टरांनी जखमा मनापासून बऱ्या केल्या. माझी बदली मात्र झालीच. हवा खरंच चांगली होती.

तीन महिन्यांनी फेरपाहणी झाली, तिला मी रजा काढून आलो. बघतो तर तानूबाई चौकट धरून दारात उभी. व्यवस्थापक ओशाळून म्हणाले, "लुळी होती हो..." तिनं त्यांचं बोलणं तोडलं. "लुळी कशानं? पाय टेकवत नव्हतं. कुनी इचारलंच न्हाय की." चौकट सोडून ती अंगणात उतरली आणि आडापर्यंत जाऊन परत आली. अक्का शेजारून चालत होत्या, पण त्यांनी हात धरला नाही. खोलीतल्या बायका खाटांवर उठून बसल्या होत्या. परत आल्यावर तानूबाईनं अक्कांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी मोठ्यानं हसल्या. इतकी वर्षं ओळखत होतो, पण अक्कांना तसं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

गेल्या आठवड्यात त्यांची बातमी सांगायला सदनात गेलो. त्या वेळच्यांपैकी आता कुणी उरलेलं नाही. योगायोगानं पाहणीला नवा अधिकारी आला होता. तो वही उघडतोय तोच पहिल्या खाटेवरच्या म्हातारीनं चादर सारून पाय पुढं केले. "पावणं, आधी हे बघा." तो गोंधळला. असं कुणी शिकवलं, म्हणून मी तिला विचारलं. "कुनी न्हाय. हितं असंच हाय. बघायला कोन आलं की पाय दावायचं." चंपाक्का हे नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. मी सांगितलंही नाही. तोवर रांगेतल्या चादरी एकामागून एक वर सरकत होत्या... तेल लावलेले, नखं काढलेले, स्वच्छ पाय. अधिकाऱ्यानं वही मिटली आणि तो पहिल्या खाटेपाशी वाकला.