दोन फेब्रुवारीचं जेवण

दोन हजार सव्वीस साल नुकतंच लागलं होतं आणि मला चौऱ्याहत्तरावं चालू होतं. शाळा माझी तिसरीत सुटली. पुढं बापाच्या पिठाच्या गिरणीत उभा राहिलो तो जन्मभर. या वयात टेक्सासातल्या प्लेनो गावी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून "धिस इज माय पेन" म्हणायची पाळी येईल, असं कुणी सांगितलं असतं तर त्याला मी गिरणीच्या पायरीवरनं खाली उतरवला असता.

मुलानंच घातलं मला त्या वर्गात. ऑगस्टात त्याच्याकडे आलो, सहा महिन्यांच्या बोलीवर. मुलगा आणि सूनबाई दोघं ऑफिसची माणसं, नात शाळेत. घरात मऊ गालिचा, त्यावर चाललं तरी पायाचा आवाज होत नाही. खिडकीबाहेर रस्ता, रस्त्यावर माणूस नाही. काम काही नव्हतं, तरी संध्याकाळी अंग असं गळून जायचं की दिवसभर पोती उचलल्यासारखं. बसून बसून माणूस दमतो हे मला तिथं कळलं.

"बाबा, फ्री क्लास आहे, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. ऑफिसला जाताना ड्रॉप करतो," मुलगा म्हणाला. गेलो. शिकवायला एक स्पेन देशातली बाई होती, पन्नाशीची, हातवारे करून बोलणारी. वर्गात आम्ही दहाबारा जण. माझ्या शेजारी मेक्सिकोचा एक म्हातारा बसायचा. जन्मभर छपरं घातलेला गडी, आता लेकीकडे असतो. तो मला अमिगो म्हणायचा, मी त्याला पाव्हणं म्हणायचो. इंग्रजी दोघांचंही सारखंच मोडकं, त्यामुळं आमचं जमायचं.

खोटं कशाला सांगू, मन माझं कशातच नव्हतं. अठ्ठावीस जानेवारीचं परतीचं तिकीट होतं. मुलगा म्हणत होता, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत राहता येतं, राहा. मी म्हणालो, अठ्ठावीसच्या पुढं एक दिवस राहणार नाही. तेवढ्यावर थांबलो नाही, डिसेंबरातच बॅग भरली आणि वरनं सुतळीनं आवळून बांधली. मुलगा हसला.

"बाबा, बॅगेला नंबरचं लॉक आहे की."

"लॉक कंपनीचं. गाठ माझी," मी म्हणालो.

त्या तारखेला कारणही होतं. येताना विमानतळावर मुलानं माझ्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. मी तिच्यात बसलो नाही. दोन पाय धड असताना परक्या पोरानं ढकलत न्यायचं म्हणजे काय. मग मधल्या विमानतळावर माझं दार चुकलं आणि विमान सुटता सुटता मिळालं. म्हणून परतीला मुलानं सोबत शोधली. मुलाच्या ऑफिसातल्या एका इंजिनिअरचे आईबाप अठ्ठावीसला निघणार होते, त्यांच्या बरोबर मी.

आता सहा जानेवारीचं सांगतो. त्या दिवशी बाईंनी वर्गात एक मोठा पाव आणला. डोक्यावर घागर घ्यायला बाया चुंबळ करतात ना, तसा गोल, पण परातीएवढा. वर साखरेत मुरवलेली लाल-हिरवी फळं लावलेली. बाईंनी चित्रं दाखवून सांगितलं की त्यांच्या देशात हा सण. येशू बाळ असताना तीन राजे उंटांवर बसून त्याला बघायला आले, तो हा दिवस. आदल्या रात्री पोरं दारात बूट ठेवतात, राजे त्यात खाऊ घालून जातात. आणि उंटांसाठी पाणी ठेवतात. ते पाण्याचं मला पटलं. बाकी राजे काय, येतात नि जातात, जनावराची सोय आधी बघावी.

सगळ्यांना पावाचा एकेक तुकडा दिला. मी चावला तर दाताखाली काहीतरी टणक आलं. जेवताना खडा आला तर तो गुपचूप ताटाखाली सारायचा, वाढणाऱ्या बाईच्या लक्षात येऊ द्यायचं नाही, हे आईनं मला भाकरी मोडायच्या वयात शिकवलेलं. मी तोंडावर रुमाल धरला, खडा काढला आणि कागदी ताटलीच्या काठाखाली ढकलला. बाईंकडे बघून मान डोलवली, म्हणजे झकास झालंय.

पण पाव्हण्याचं लक्ष होतं.

"यू हाइड, अमिगो," तो म्हणाला, आणि माझी ताटली उचलली. खाली चिंचोक्याएवढं पांढरं बाहुलं होतं. वर्गात हसू फुटलं. पाव्हण्यानं सगळ्यांना गळा दाखवून गिळायची नक्कल केली, मग माझ्याकडे बोट केलं.

बाईंनी मला समजावलं. हे येशू बाळ, मुद्दाम पावात भरतात. स्पेनमध्ये ज्याला ते सापडतं तो त्या दिवसाचा राजा. पण पाव्हण्याच्या मेक्सिकोत त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना जेवण घालायचं. तो त्यांचा दुसरा सण. मक्याच्या पिठाचे उंडे मक्याच्याच पानात बांधून उकडतात, ते खायचे. आणि काही चेंगट लोक जेवण चुकवायला बाहुलं गिळून टाकतात, नाहीतर लपवतात.

म्हणजे मी जेवण चुकवणारा. माझ्या गिरणीत कुणी दळण घेऊन आलं नि चहाशिवाय गेलं असं झालं नाही, आणि इथं मला चेंगट ठरवला. पाव्हणं गमतीनं म्हणाला हे मला कळत होतं. तरी मी उठून उभा राहिलो.

"सेकंड फेब्रुवारी," मी म्हणालो. "माय हाऊस. ऑल कम. आय गिव्ह फूड."

पाच महिन्यांत मी एका दमात एवढं इंग्रजी बोललो नव्हतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी सोनेरी कागदाचा मुकुट आणला. मी टोपी काढेना, तेव्हा टोपीवरच बसवला. पाव्हण्यानं माझा हात हातात घेतला नि म्हणाला, "आय कम. माय डॉटर कम."

दुपारी सूनबाई न्यायला आली. मुकुट माझ्या मांडीवर. गाडी हायवेला लागली तेव्हा मला अठ्ठावीस तारीख आठवली.

रात्रीच्या जेवणाला सगळं सांगितलं. सूनबाई समजूतदार आहे. तिनं आधी हे विचारलं नाही की माय हाऊस म्हणजे कुणाचं हाऊस.

"येऊ देत ना, बाबा," ती म्हणाली. "फक्त दोनला मंडे आहे, आणि तुम्ही तर आधीच निघणार. चोवीसला सॅटर्डे आहे. तेव्हा बोलवू सगळ्यांना. मी करते काहीतरी."

"सण दोन तारखेचा आहे," मी म्हणालो.

"पण ते तुम्हाला थोडंच कळतंय त्यांचं."

"त्यांना कळतंय."

नात भात चिवडत होती. तिला मराठी समजतं, बोलते इंग्रजी. "आजोबा, जस्ट डू इट अर्ली. लाइक गणपती."

गणपतीचं त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी आलो त्याच महिन्यात चतुर्थी बुधवारी होती आणि यांच्या इथल्या मराठी मंडळानं गणपती शनिवारी बसवला, सुट्टी बघून. मी म्हणालो, सोयीनंच करायचं तर देवालाच विचारा त्याला कधी वेळ आहे. बुधवारी एकट्यानं वाटीत सुपारी मांडून पूजा केली आणि शनिवारी मंडळात गेलो नाही. सूनबाईनं पहाटे उठून मोदक केले होते, माझ्यासाठी डब्यात घालून आणले. त्यालाही हात लावला नाही. शिळा सण मी खात नाही, असं बोललो होतो. तिनं डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि पुढं तो विषय काढला नाही.

मुलानं ताक प्यायलं. "सण मागंपुढं होत नाही ना, बाबा? मग तिकीट मागंपुढं करू का?"

टोमणा होता, पण आवाज दमलेला होता. सकाळी सातला निघालेला माणूस. त्याचे केस कानाशी पांढरे झालेत हे मी तेव्हाच नीट पाहिलं.

"पण हातची सोबत जाईल," तो म्हणाला. "जेवण करून तीन तारखेला निघालात तर दुसरं कुणी मिळणार नाही. एकट्यानं जाल तर खुर्ची घ्यावीच लागेल, त्याशिवाय मी पाठवणार नाही. नाहीतर क्लासमध्ये सांगा, फ्लाइट आहे म्हणून. ते समजून घेतील."

समजून घेतील, त्यात शंका नाही. पाव्हणं मान हलवेल, नो प्रॉब्लेम अमिगो म्हणेल, आणि मनात म्हणेल, लपवलंच होतं यानं. नाही म्हणेल कदाचित. पण मला घरी जाऊन तेच वाटत राहील. घरी तरी काय होतं म्हणा. गिरणी बंद, पट्टा उतरवून ठेवलेला, बायको जाऊन दोन वर्षं झाली. घाई होती ती माझ्या शब्दाची. आता दोन शब्द झाले होते आणि दोन्ही माझेच.

"बघू," म्हणालो आणि हात धुवायला उठलो. उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाग आली. बॅग पलंगावर घेतली आणि सुतळी सोडायला बसलो. गाठ मी अशी मारली होती की नखं दुखली, शेवटी दात लावले. वरचेच दोन सदरे नि धोतर काढून पुन्हा कपाटात लावले. खाली आलो तर मुलगा गॅरेजमध्ये गाडीत लॅपटॉपची पिशवी ठेवत होता.

"तीन तारखेचं बघ," मी म्हणालो.

त्यानं वळून पाहिलं.

"आणि ती खुर्ची सांगून ठेव."

तो हसला नाही. हसला असता तर मी पुन्हा गाठ मारली असती. "बघतो, बाबा," एवढंच म्हणाला. "बसा गाडीत, क्लासला सोडतो."

"दम. आलोच."

आत सूनबाई नातीचा डबा भरत होती. मी विचारलं, "घरात मोठी चाळण आहे का? दिंड उकडायचेत. पुरण भरून, चौकोनी घडी घालून. त्यांच्या उंड्यांसारखंच होतं ते. पुरण मी वाटीन."

तिनं हातातला डाव खाली ठेवला. "मंडेची मी सुट्टी टाकते," म्हणाली. मग डब्याचं झाकण लावत तिनं विचारलं, "शनिवारी मंडळात संक्रांत आहे. याल?"

"संक्रांत बुधवारी आहे," मी म्हणालो आणि ओट्याखालचं कपाट उघडून चाळण शोधायला लागलो.