सतराव्या नंबरची पाच मिनिटं

मी तापट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. पण या गोष्टीत तापायचं कुणावर, तेच मला अजून कळत नाही.

लक्ष्मीपुरीत एका छापखान्याच्या माडीवर दर रविवारी दुपारी तीनला आमचं अभ्यासमंडळ बसतं. दोन वकील, एक निवृत्त मास्तर, कॉलेजची पोरंपोरी, आणि मी, कुरुंदवाडच्या बौद्ध घरातली, सरकारी कचेरीतली कारकून. समाज मुळापासून बदलायचा, त्याच्या खाली आम्ही बोलतच नाही. आणि बोलायचा एक नियम आहे. हात वर करायचा, यादीत नाव घालायचं, नंबर आला की पाच मिनिटं बोलायचं. मधे कुणी घुसायचं नाही, मग तो कितीही मोठा असो.

हा नियम कुणी आणला? मीच, भांडून. सुरुवातीची दोन वर्षं मी त्या माडीवर नुसती सतरंजी गरम केली. वकीलसाहेब सुरू झाले की गाडी थांबायचीच नाही, आणि मी तोंड उघडलं की 'ताई, एक मिनिट' म्हणून पुढं रेटायचे. यादी आली तेव्हा मला माझी पाच मिनिटं मिळाली. आज मी कुणालाही गप्प करते, ते त्या यादीच्या जिवावर. तेव्हापासून यादी आणि घड्याळ माझ्याच हातात असतं.

गेल्या वर्षी एका रविवारी मास्तरांनी इचलकरंजीहून एक बाई आणली. यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरायचं काम करायची. म्हणजे मागाच्या धोट्यात सुताची कांडी लागते, ती मशीनवर भरून द्यायची. शेडमध्ये बायकांना संडास नव्हता. तिनं तो मागितला, तर मालकानं सांगितलं, सोमवारपासून येऊ नको. मास्तरांनीच तिच्या वतीनं सगळं मांडलं. तिला एवढंच पाहिजे होतं, की सोमवारी सकाळी सातला पाळी बदलते तेव्हा शेडच्या दारात तिच्यामागं दहा माणसं उभी राहावीत. घोषणा नकोत, भांडण नको.

मास्तर खाली बसायच्या आत सोळा हात वर. बोलायला हात वर करावा लागतो हे त्या बाईला ठाऊकच नव्हतं. मी खूण केली तेव्हा तिनं केला. सतरावी म्हणून मी तिचं नाव घातलं.

पहिल्याच वकिलांनी प्रश्न टाकला: सोळा मागांचा मालक, जो कालपर्यंत स्वतः माग चालवत होता, त्याला भांडवलदार म्हणायचं का? झालं. दुसऱ्यानं कर्जात बुडालेल्या मालकाची बाजू मांडली. तिसरीनं विचारलं, संडासाचा प्रश्न मजुरीचा की बाईपणाचा? चौथ्यानं त्यात जात काढली, आणि बरोबरच काढली. नुसता कीस पाडत होते असं म्हणून मोकळं होता येत नाही मला. चर्चा खरंच चांगली चालली होती. मी भान हरपून ऐकत होते.

अकराव्या नंबरला ती बाई माझ्याजवळ सरकली. "ताई, माझा नंबर कधी हाय? नवऱ्याची रातपाळी हाय, डबा करायला जायला पायजे."

"अजून पाच जण आहेत," मी म्हटलं. "नियम सगळ्यांना सारखा."

"बरं बरं," म्हणाली, आणि परत जागेवर जाऊन बसली.

सतरावं नाव पुकारलं तेव्हा जागा रिकामी होती. कधी उठून गेली, कुणी बघितलं नाही. आता पाच मिनिटं वाया कशाला घालवायची, म्हणून मीच उभी राहिले आणि तिच्या जागी बोलले. बोलले म्हणजे काय, गाजवलं. वकीलसाहेबांनी टाळी वाजवली. मग निर्णयाची वेळ आली, तर कुणीतरी म्हणालं, जिचा प्रश्न तीच हजर नाही, तिच्या माघारी ठरवणं लोकशाहीला धरून नाही. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, आता काय सांगू. विषय पुढच्या रविवारवर गेला.

सोमवारी सातला मी घरात चहा पीत होते. एकटी गेले तर तो मंडळाचा निर्णय कसा होईल, असा विचार करत.

चार दिवसांनी रजा टाकून इचलकरंजीला गेले. ती घरीच होती. सोमवारी एकटीच दारात उभी राहिली होती, आणि तिच्या मशीनवर दुसरी बाई बसली होती. मला वाटलं शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं चहा टाकला.

यादी फाडावी, असं येताना एसटीत दहादा मनात आलं होतं. पण फाडली तर वकीलसाहेब पुन्हा सुरू होणार, आणि माझ्यासारखी एखादी पुन्हा सतरंजीवर गप्प बसणार. ठेवली, तर ही अशी. मला आजही सुचत नाही.

कप हातात देत तिनं विचारलं, "ताई, माझा नंबर आलता का शेवटी?"

"आला होता."

"मग?"

"तुमच्या जागी मी बोलले."

तिचा चेहरा उजळला. "लई चांगलं केलंसा. काय बोललासा?"

मला शब्दन् शब्द पाठ होता. मी मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून बघितला. त्यात सोमवार नव्हता, शेडचं दार नव्हतं, आणि ती दहा माणसंही नव्हती.