गुंडूमामांचा व्हिडिओ कॉल

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गुंडूमामा म्हशी घेऊन उभे असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास हातात देतात. समोर आलेल्याला ते रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. तोंडानं मात्र फटकळ. गिऱ्हाईक मोबाइलमध्ये रमलं की गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडतात, "फेस बसला की, पावणं!" आमची मैथिली त्यांच्या हातचं धारोष्ण दूध पिऊन वाढली. तिच्या मोठ्या आवाजाचं खापर मी, तिची आई, त्यांच्यावरच फोडते.

ही पोरगी गेल्या वर्षी आठ महिने एका बंद घरात राहायला गेली. लांबच्या अंतराळ प्रवासाची ती रंगीत तालीम होती. खिडकी नाही, फोन नाही, घरच्यांशी बोलायचं तर लेखी निरोप, तेही उशिरा पोचणारे. मन खचू नये म्हणून व्हीआरचा चष्मा चढवायचा आणि चहूबाजूंनी आपलं गाव बघायचं. त्यानं खरंच बरं वाटतं का, हे तपासायचं होतं.

त्यासाठी माझा भाचा वरद कोल्हापूरभर कॅमेरा घेऊन फिरला. रंकाळा, पंचगंगेचा घाट, सगळं सुरेख, शांत. कट्ट्यावर मात्र त्याची पंचाईत झाली. "मामा, मैथिली हे नंतर बघणार आहे. तुम्ही नुसती धार काढा," असं त्यानं बजावलं. मामांनी त्यातलं 'मैथिली' तेवढं ऐकलं. त्यांना वाटलं, व्हिडिओ कॉल लागलाय.

ग्लास कॅमेऱ्यापुढं धरून ते म्हणाले, "घे बाळ. जेवलीस न्हवं?" आणि उत्तरासाठी थांबले. "करमतंय का तितं?" पुन्हा थांबले. मग त्यांचा आवाज उतरला. "न्हाई करमत व्हय? दम धर. म्हस सुदीक लगीच पान्हा सोडत न्हाय. ह्यो ग्लास हितं ठेवतो. सावकाश पी."

वरद ते कापायला निघाला होता. मी म्हटलं, असू दे, पोरगी तेवढीच हसेल.

पाचव्या महिन्यात तिचा निरोप आला, 'आई, मला बाहेर यायचंय.' शाळेपासून तिनं अंतराळाशिवाय दुसरं काही मागितलं नव्हतं. तरी मी लिहिलं, 'ये.' बरेच दिवस काहीच कळेना. मग दोनच शब्द आले, 'राहते आई.'

का राहिली, ते तिनं घरी आल्यावर सांगितलं. "रंकाळा बघून जास्तच रडू यायचं गं. तिथं मी आहे हे कुणाच्या गावीच नसायचं. मग मामांचा व्हिडिओ पुन्हा लावला. करमतंय का, असं विचारून ते थांबले, आणि मी म्हटलं, नाही करमत, मामा. तेवढं बोलायलाच कुणी नव्हतं."

अंबाबाईला नारळ वाहून आम्ही दोघी कट्ट्यावर गेलो. मामांचे पाय धरावेत असं मला वाटत होतं. त्यांनी धार काढली, फेसाळता ग्लास मैथिलीच्या हातात दिला आणि सगळ्यांदेखत तिला झापलं.

"त्या दिवशी येवढं इचारलं, येक शब्द बोलली न्हाईस की गं!"

मैथिलीनं ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"बोलले की, मामा. रोज बोलत होते."