गिरणीत शिकलेली वकीलबाई

आमच्या वकीलबाईचा अभ्यास गिरणी चालू असली तरच व्हायचा. गिरणी बंद झाली की पुस्तक बंद. घरात पोरं अभ्यासाला बसली की आपण टीव्हीचा आवाज कमी करतो, बाहेर कुणी मोठ्यानं बोललं तर हात करतो. हिचं सगळं उलटं. माझ्या पिठाच्या गिरणीत, मोटारीच्या मागं, गव्हाच्या पोत्यावर मांडी घालून आणि ओढणी नाकातोंडावर बांधून या बाईनं कायद्याची मोठी पदवी केली. एल.एल.एम. तिच्या पुस्तकांच्या पानापानांत पीठ असायचं. कॉलेजातल्या मॅडमनी एकदा एक पुस्तक मागून घेतलं, तर उघडताच शिंका सुरू झाल्या म्हणे. वर्गात सांगितलं तर कुणाला खरंच वाटेना.

आता याचं कारण ऐका. वकीलबाई आमच्या रिठदचीच. बाप दुसऱ्याच्या शेतात राबून लवकर गेला, आईनं शिकवलं. आठवडाभर रिसोडच्या कोर्टात वकिली करायची आणि शनिवार-रविवार अकोल्याला जाऊन पुढचे वर्ग करायची. गावच्या पोरीनं काळा कोट घातला म्हटल्यावर गावाला काय, हक्काची वकील मिळाली. संध्याकाळी बसमधून उतरली की कुणीतरी उभंच. ‘वकीलबाई, जरासं सांगायचं होतं.’ त्या जराशात शेताचा धुरा, म्हणजे बांध, यायचा, विहिरीच्या पाण्याची पाळी यायची, सुनेचं माहेर यायचं, मेलेल्या सासऱ्यानं कधी काय कबूल केलं होतं तेही यायचं. आणि ही कुणाला नाही म्हणून म्हणायची नाही. बॅग खांद्याला तशीच, उभ्या उभ्या ऐकत राहायची. मी रागावले की तिचं ठरलेलं उत्तर, ‘मावशे, ऐकून घ्यायले काय जाते?’

‘तुहं वर्ष जाते,’ मी म्हणायची.

आणि जायचंच की. न्यायशास्त्राचा एक पेपर तिचा मागं राहिला होता तो राहिलाच होता. एकदा तर परीक्षेला निघालेली बाई. आमच्या गुंफाबाईनं तिला बसथांब्यावर गाठलं. गुंफाबाई आणि तिची जाऊ कांताबाई, दोघींच्या वावराच्या मधल्या धुऱ्यावर एक बाभूळ आहे. ती कुणाची, यावर त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं. गुंफाबाईचं सांगून होतंय तोवर कांताबाई आली. मग तिचंही ऐकायला नको? बस आली, धूळ उडवून गेली, आणि वकीलबाई आपली बाभळीतच. पेपर बुडाला.

तिनं अभ्यासाला जागा पुष्कळ शोधल्या. घरी भावाची लेकरं आणि अंगणात लोक. विहारात जाऊन बसली तर तिथंही दोघं-तिघं आधीच येऊन बसलेले, ‘जयभीम ताई, बरं झालं आली.’ मग एका संध्याकाळी ती दळण घ्यायला माझ्याकडे आली. मागोमाग एक बुवा बोलत बोलत आत शिरला. मी गिरणी चालू केली. बुवाचं तोंड हलतंय, हात हलतायत, ऐकू काही येत नाही. थोडा वेळ त्यानं दम धरला, मग कंटाळून निघून गेला. वकीलबाईनं माझ्याकडे पाहिलं, बॅगेतून पुस्तक काढलं आणि पोत्यावर बसली ती बसलीच.

तेव्हापासून ती रोज यायची. बोलता येत नाही म्हणून मोटारीशेजारच्या फळीवर पीठ बसायचं त्यात ती बोटानं लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. मी शाळेत गेलेली नाही. दुकानांच्या पाट्या आणि खताच्या पोत्यांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले. तेव्हा ती गेली की मी फळी वाचायची. एकदा लिहिलेलं होतं, नैसर्गिक न्याय. दुसऱ्या दिवशी गिरणी बंद केल्यावर विचारलं, हे काय वं?

‘दोघाईचंबी ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. एवढंच.’

‘एवढं शिकायले इतकी जाड पुस्तकं?’

‘शिकायले नाही मावशे,’ ती म्हणाली, ‘इसरू नाही म्हणून.’

तिला मी एकदा स्पष्टच विचारलं, की वकिली चालू आहे, सनद आहे, मग कायले या वयात जिवाला ताप करून घेतेस? तर म्हणाली, ‘एल.एल.एम. झालं की कॉलेजात शिकवता येते. मी एकटी किती जणाईचं ऐकू? शिकवलं त ऐकणारे वाढतीन.’ मला ते फार आवडलं. त्या दिवशी मी तिला गिरणीतच चहा करून पाजला, पिठासकट.

पण विद्यापीठाचा नियम असतो. अमुक वर्षांत पदवी पुरी नाही झाली की नाव कमी. वकीलबाईची ती मुदत संपत आली, परीक्षा शेवटची. त्या एका पेपरात आता राहिली असती तर आधीचे सगळे पेपर, सगळ्या रविवारच्या गाड्या, सगळं पाण्यात. बाई बोलून दाखवत नव्हती, पण जेवत नव्हती. आणि नेमकं त्याच दिवसांत माझं दळण कमी झालेलं. आता घरोघरी घरघंट्या आल्यात. येणारं दळण दिवसाउजेडी उरकायचं आणि ती कोर्टातून येईस्तोवर गिरणी थंड.

मग मी काय केलं, गिरणी रिकामी चालवायला लागले. रिकामी चालवायची नसते. दगडावर दगड घासतो, ठिणग्या उडतात, दगडाला टाकी लावून पाडलेल्या खाचा मरतात. म्हणून चाक फिरवून दगड जरा दूर करून ठेवायचे आणि मोटार चालू करायची. आवाजाशी मतलब! वकीलबाई आपली मान खाली घालून वाचतेय. मी आपली उगाच रिकाम्या पोत्याला हात लावतेय, पीठ झटकतेय. वाटलं, कुणाला काय कळतंय.

गुंफाबाईला कळलं. रस्त्यानं चाललेली, ती दारात थांबली. आयुष्यभर दळण आणणारी बाई, कानाला फरक लागणारच. जवळ येऊन माझ्या कानात ओरडली, ‘मावशे, गिरणी रिकामी फिरून राह्यली न वं! काहून?’

मी तिला हाताला धरून बाहेर नेलं आणि सांगून टाकलं. ‘वकीलबाईची शेवटची परीक्षा हाय. आता नापास झाली त नाव कमी व्हते. गिरणी बंद झाली की तुमी लोक बोलता.’

गुंफाबाईनं दारातून आत पोत्यावरच्या वकीलबाईकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘त्या बसच्या टायमाले मीच व्हतो, नाही?’ आणि पदर खोचून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हजर. हातात डबा, डब्यात तळाशी ज्वारी.

‘एवढीशीच?’ मी म्हटलं.

‘एवढीच. उद्या आणखी आणतो.’

तिच्या मागं एक, त्या एकीच्या मागं दुसरी. घरात घरघंटी असलेल्या बायासुद्धा यायला लागल्या. कुणी मूठभर बेसनाची डाळ, कुणी भाकरीपुरती ज्वारी. एकदम आणायचं नाही, थोडं थोडं आणायचं, म्हणजे गिरणी थांबायची नाही. एकीचं उतरलं की दुसरीचं ओतायचं. कांताबाईही आली. जागा एकच मोकळी होती, गुंफाबाईच्या शेजारी. दोघी जावा महिनाभर रोज संध्याकाळी एकमेकींना चिकटून बसल्या आणि भांडण करता येईना! तोंड उघडून उपयोग नाही. सुरुवातीला नुसतं डोळ्यांनी चाललं. मग एक दिवस पाहते तर कांताबाई गुंफाबाईच्या केसांतलं पीठ झटकतेय.

परीक्षेच्या दिवशी या दोघीच वकीलबाईला बसथांब्यापर्यंत पोचवायला गेल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे, मधे काळजीनं वाळलेली आमची बाई. मीही मागून गेले. वाटेत एक म्हातारा हात वर करून आलाच, ‘वकीलबाई, जरासं…’

‘सोमवारी!’ गुंफाबाई गरजली.

‘अवं पण माह्यं…’

‘सोमवारी म्हटलं न बाप्पा! तोवर मले सांगा, मी ऐकतो.’ आणि खरंच तिनं ऐकलं. बस गेल्यावर दगडावर बसून त्या म्हाताऱ्याचं सगळं ऐकलं. मला तर हसूच आवरेना.

निकाल लागला तेव्हा मी सरपंचाच्या घरचं गव्हाचं दळण घातलं होतं, गिरणी जोरात. वकीलबाई दारातून आत आली. काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाली. मी कानामागं हात धरला. मग ती फळीजवळ गेली आणि पिठात बोटानं लिहिलं, पास. मी मोटार बंद केली. दगड थांबायला जरा वेळ लागतो. ते थांबेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत होतो, आणि मग ती माझ्या गळ्यात पडून जी रडली! सहा महिन्यांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला असेल पोरीनं. माझ्याही छातीवरचा दगड उतरला म्हणायचा. संध्याकाळी गुंफाबाई कांताबाईला घेऊन आली तर वकीलबाई स्वतःच म्हणाली, बोल, आता बाभळीचं सांग. गुंफाबाईनं हात झटकला. ‘ते जाऊ दे. तोडली दोघीनं मिळून, सरपण वाटून घेतलं. आता हिची शेळी माह्या तुरीत घुसते, ते ऐक.’

वकीलबाई आता अकोल्याला असते, कॉलेजात शिकवते. गेली त्या दिवशी ती फळी मी पुसली नाही, पण पीठ काय, रोज नवं बसतं. गावातलं ‘जरासं’ आता माझ्याकडे येतं. कायदा मला येत नाही. मी मोटार बंद करून ऐकून घेते. दोघांचंही.

रविवारी तिचा फोन येतो. तास घ्यायची तयारी करायची असते, आणि तिथल्या शांततेत तिला म्हणे एक ओळ वाचवत नाही. ‘मावशे, बोलू नको काही. फोन फळीवर ठेव आन् गिरणी चालू कर.’ मी करते. परवा दळण नव्हतं. म्हटलं, पोरीला कशाला नाही म्हणायचं, दगड दूर केले आणि मोटार लावली. थोड्या वेळानं फोन उचलला तर पलीकडं ती हसत होती.

‘आज रिकामी फिरवून राह्यली का वं?’

मी चाटच पडले. ‘म्हंजे तुले तवाबी समजत होतं?’

‘पयल्या दिवसापासून,’ ती म्हणाली. ‘ऐकून घ्यायले काय जाते, मावशे?’