चाळीसपैकी सहा

“आण्णांची काळजी कोण घेतं?”

“आमी घरचेच की,” विलास म्हणाले.

मी फॉर्ममध्ये ‘घरचे’ असं लिहिलं. पाचव्यांदा. मुठा गावातल्या त्या घरी ती माझी पाचवी व्हिजिट होती.

मी होम केअरमध्ये सोशल वर्कर आहे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरी जाते. आमच्याकडे केअरगिव्हर असेसमेंट नावाचा फॉर्म असतो. पेशंटला सांभाळणाऱ्याची झोप होते का, काही दुखतंखुपतं का, विसावा मिळतो का, हे विचारून गुण द्यायचे. गुण जास्त, म्हणजे भार जास्त. अर्धांगवायू झालेल्या आण्णांच्या घरी दर वेळी चाळीसपैकी सहा यायचे. उत्तरं त्यांचा मुलगा विलास देत. झोप कशी लागते? “येकदम मस्त.” त्यांना लागतच असणार.

त्या दिवशी विलासची बायको, मंगलताई, आण्णांना कुशीवर वळवत होत्या. मध्येच थांबल्या आणि भिंत धरून उभ्या राहिल्या.

“विलासराव, तुम्ही जरा ओटीवर बसा.”

“का? माझ्याम्होरं बोलंल की ती.”

“ओटीवर बसा.”

ते गेल्यावर मंगलताई हळूच म्हणाल्या, “अंग भायेर येतंय, मॅडम. दोन वरसं झाली. डाक्टरांनी आप्रेशन सांगितलंय.”

“मग केलं का नाही?”

“आण्णांना कोन बघनार? ह्यांना वास सहन व्हत न्हाई.”

अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय खाली सरकणं. अशा बाईने जड उचलायचं नसतं. ही बाई दिवसातून सहा वेळा एका पुरुषाला उचलत होती आणि मी शेजारी चहा पीत ‘घरचे’ लिहीत होते. आधी माझीच मला लाज वाटली. मग संताप आला. मी मंगलताईंच्या नावाने नवीन फॉर्म भरला. गुण आले चौतीस.

ऑफिसमध्ये सरांनी तो पाहिला. “मॅडम, आपला पेशंट सासरा आहे. सून नाही.”

“सून पडली तर सासऱ्याला तुम्ही उचलणार का?”

“इमोशनल होऊ नका.”

“बरं. मग तिला मदतीची गरज नाही, असं लेखी द्या.”

लेखी कोण देतो! आठवड्याला तीन दिवस अटेंडंट मंजूर झाली. उरलेले चार दिवस तुमचे, असं मी विलासना तोंडावर सांगितलं.

“लोकं काय म्हनतील? सून असताना परकी बाई?”

“त्या लोकांनाच बोलवा आण्णांना वळवायला.”

ऑपरेशन झालं. मंगलताई विश्रांतीला माहेरी गेल्या. तिसऱ्या आठवड्यात मी गेले, तर विलासची दाढी वाढलेली आणि कमरेला पट्टा.

“लई हाल हायेत, मॅडम. झोप न्हाई, कंबर धरलीया. कायतरी करा.”

मी त्यांच्या नावाने फॉर्म भरला. सगळे प्रश्न नीट विचारले. गुण आले अडतीस.

सरांनी फॉर्म वाचला, “बिचारा!” म्हणाले आणि त्याच दिवशी रोजची अटेंडंट मंजूर केली. मंगलताईंना आता परत आल्यावर आण्णांना उचलावं लागणार नाही, हे चांगलंच झालं. पण बाईचा भार ऑफिसला दिसायला तो आधी पुरुषाच्या कमरेत भरावा लागतो, एवढं मी या नोकरीत शिकले.