वाचकांच्या पत्रातलं भोक

वडील गेल्यावर मला त्यांचं एकच पत्र वाचायचं होतं. फौजेतून परतल्यावर त्यांनी कडेगावच्या एसटी थांब्याबद्दल सांगलीच्या दैनिकाला लिहिलेलं. डिजिटल ग्रंथालयात उसावरचे, धनगरी ओव्यांवरचे प्रबंध होते, गावच्या वाचनालयाने स्कॅन करायला दिलेले दैनिकाचे जुने अंकही होते. आठवडाभर चाळल्यावर पान सापडलं, तर ‘वाचकांची पत्रे’ या मथळ्याखाली चौकोनी भोक! मी वैतागून आईला दाखवलं.

“कुणी कापलं असेल गं?”

“कुणी म्हंजे? तुझ्या वडलांनीच. छापून आलं की वाचनालयात जाऊन ब्लेडनं कापून आणायचे. लय हौस.”

“मग कात्रण कुठाय?”

“गावभर दाखवत हिंडले. कुणाच्या घरात ऱ्हायलं, मला काय ठाव?”

भोकाच्या कडा सरळ होत्या, पट्टी लावून कापल्यासारख्या. एवढं नीट कापलं, तर जपून ठेवायला काय झालं होतं?