खळ्याची डावी बाजू

शाळा चौथीपर्यंत झाली माझी. पण भुताखेताला कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी लिहितोय, कारण बायको गेल्यापासून बोलायला घरात कोणी नाही.

हातखंब्याच्या अलीकडे आतल्या वाडीत आमचं घर, पुढं खळं, म्हणजे अंगण. गेल्या साली पेंढ्याचा भारा आणताना ही कातळावर घसरली... डोक्याला मार. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, डोळे मिटा. तुम्ही खळ्यात उभ्या आहात, समोर घर. काय दिसतं?"

"विहीर. गोठा."

हे सगळं उजवीकडचं. डावीकडचा फणस नाही, पडवीतला बाक नाही... बाकावर जन्मभर सुपारी कातरत बसलेला मी नाही!

"आता घराच्या दारात उभ्या राहा. तोंड खळ्याकडे."

"फणस. बाक. बाकावर हे. दुसरा काय धंदा आहे त्यांना?"

आता विहीर-गोठा गायब!

बाई म्हणाल्या, मेंदूची उजवी बाजू दुखावली, म्हणून मनातल्या चित्राची डावी बाजू जाते. डोळे ठणठणीत आहेत. मला पटलं. मेव्हणीला नाही.

"भावोजी, जागेच्या राखणदाराला द्यायचा नारळ चुकलाय तुमचा. त्यानंच नेली डावी बाजू."

"मग मलाच का नेलं? चहा ढोसायला तू पण तिथंच बसतेस की!"

तरी राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालून आली. फरक शून्य.

घरी आणल्यावर रोज चहा पाजताना मी हिला म्हणायचो, "दारात उभी राहा गो." म्हणजे मी असायचो.

ही हॉस्पिटलात असताना मुंबईच्या मुलानं फणस तोडला. गाडी लावायला. वर्षातून दोनदा येणार, त्याला जागा हवी! "आईला सांगू नका, बीपी वाढेल." नाही सांगितलं. हिला मागच्या वाटेनं घरात घेतली, खाट माजघरात. तिथून खळं दिसत नाही. मेव्हणीही शपथेवर सांगते, तिनं तोंड उघडलं नाही.

गेली त्या दुपारी ही आपणहून म्हणाली, "अहो, मी खळ्यात उभी आहे. समोर घर."

"बरं. काय दिसतं?"

"फणस कुणी तोडला? नुसतं ऊन पडलंय तिथं. बुंधा पण ठेवला नाय मेल्यांनी."

खरंच, बुंधाही जेसीबीनं उपटला होता. खळ्यातून डावीकडचं हिला दिसायचंच नाही, ते आज दिसत होतं.

"आणि बाक?"

"आहे की."

"बाकावर कोण?"

डोळे मिटूनच तिनं नीट बघितलं.

"कोणी नाही."

दिवेलागणीच्या आत गेली.

डॉक्टरीणबाई म्हणतात, फणसाचं कानावर पडलं असेल. मेव्हणी म्हणते, राखणदारानं दाखवलं. मला दोन्ही पटत नाही. आणि पटलं तरी काय... नसलेला फणस तिला कळला. मी तर होतो. मी का दिसलो नाही, हे कोणीच सांगत नाही.